रॉस्थर्नचा व्हीलर आणि कलकत्त्याचा गहू

लहानपणी मळणीच्या दिवसांत गव्हाचे मूठभर दाणे तोंडात टाकून चघळत बसण्याचा उद्योग ज्यांनी केला आहे, त्यांना हे ठाऊक असेल. आधी नुसता भुगा होतो, मग गोडसर पाणी सुटतं, ते गिळून टाकलं की जिभेवर रबरासारखा चिवट गोळा उरतो. आम्ही त्याला गव्हाचं चिंगम म्हणायचो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनडात एक मनुष्य सरकारी पगारावर हेच करत होता. त्याचं नाव चार्ल्स सॉन्डर्स. चघळून उरलेला गोळा जितका चिवट, तितका त्या गव्हाचा पाव चांगला फुगणार, हा त्याचा ठोकताळा होता. आजच्या प्रयोगशाळा तेच काम यंत्रावर करतात. ठोकताळा काही चुकीचा नव्हता.

सॉन्डर्सने चघळून पसंत केलेला एक गहू पुढे जगभर गाजला. तो गाजवला मात्र दुसऱ्याच माणसाने, आणि हा लेख त्या दुसऱ्याबद्दल आहे. सस्कॅचेवान प्रांतात सस्काटूनच्या उत्तरेला पासष्टेक किलोमीटरवर रॉस्थर्न नावाचं छोटंसं गाव आहे. स्टेशन, धान्याची उंच कोठारं, दोनचार चर्च, आणि चहूबाजूंनी डोळा ठरणार नाही इतकी सपाट जमीन. या गावाला विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस वर्षांत धान्याच्या व्यापाऱ्यांमध्ये जे नाव होतं, ते सीगर व्हीलरमुळे.

व्हीलर शेतकऱ्याच्या घरातला नव्हे. इंग्लंडच्या दक्षिणेला आईल ऑफ वाइट नावाचं बेट आहे, त्याच्या ब्लॅकगँग या समुद्राकाठच्या वस्तीत ३ जानेवारी १८६८ रोजी त्याचा जन्म झाला. कडे ढासळणारे, समुद्र खवळलेला, जहाजं फुटण्यासाठी तो किनारा कुप्रसिद्ध. असल्या गावच्या मुलाला दर्यावर्दी व्हायचं वेड असणार हे ओघानं आलंच. पण आरमारानं त्याला परत पाठवलं, उंची कमी भरली म्हणून. दोन बोटं उंच असता तर तो कुठल्यातरी युद्धनौकेवर आयुष्य काढता आणि कॅनडाच्या गव्हाचा इतिहास थोडा वेगळा लिहावा लागता. सतराव्या वर्षी तो बोटीत बसला खरा, पण तो कॅनडाला जायला.

साल होतं १८८५. हे साल नीट लक्षात ठेवायला हवं. त्या वर्षीच्या मे महिन्यात बातोश या गावी मेटी लोकांचा उठाव सरकारी फौजेनं चार दिवसांत मोडून काढला. मेटी म्हणजे फ्रेंच व्यापारी आणि मूळ रहिवासी यांच्या संबंधांतून तयार झालेला समाज. जमिनीची नवी मोजणी आपल्या नदीकाठच्या वाड्या मोडील, ही त्यांची भीती होती आणि ती खोटी नव्हती. नोव्हेंबरात कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेचा शेवटचा खिळा ठोकला गेला, आणि नऊ दिवसांनी उठावाचा नेता लुई रिएल याला रेजायनात फाशी दिली. व्हीलर ज्या क्लार्क्स क्रॉसिंगला आपल्या नातेवाइकांकडे निघाला होता, तिथे काही आठवड्यांपूर्वीपर्यंत फौजेची छावणी होती. त्याच्या वाटेवर रूळ मूस जॉपर्यंतच. तिथून पुढे दोनशे किलोमीटरच्या वर नुसतं गवत.

या गवताविषयी आपल्याकडे नीट कल्पना येत नाही. माळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे पठार येतं, मध्ये एखादं बाभळीचं झाड, लांब डोंगराची कड. प्रेअरीला, म्हणजे या गवताळ मैदानाला, कडच नाही. रानरेड्यांचे लाखोंचे कळप तिथे होते, ते १८८०च्या आधीच संपवले गेले होते. ज्यांचं पोट त्या रानरेड्यांवर होतं त्या क्री आणि इतर जमातींशी १८७६ साली सरकारनं करार केला, सहावा करार म्हणतात त्याला, आणि त्यांना राखीव जमिनींवर बसवलं. मोकळ्या झालेल्या मुलखाचे चौरस पाडले. एका घराला १६० एकर, नोंदणीची फी दहा डॉलर, अट एवढीच की तिथे राहा आणि जमीन फोडा. रेल्वे कंपनीला तर बांधकामाच्या मोबदल्यात अडीच कोटी एकर आणि अडीच कोटी डॉलर मिळाले होते. त्या जमिनीला गिऱ्हाईक हवं होतं. युरोपभर पत्रकं वाटली जात होती, त्यांच्यावर सोनेरी शेतं.

पत्रकात कडाका छापलेला नसे. वसंतात दव गोठायचं थांबतं तेव्हापासून पुन्हा दव गोठेपर्यंत जेमतेम शंभर दिवस हाती लागतात. त्या काळी सगळीकडे रेड फाइफ नावाचा गहू पेरत. पावाला उत्तम, उतारा चांगला, पण पिकायला उशीर लावी. ऑगस्टच्या शेवटी एका रात्री पारा शून्याखाली गेला की दुधात आलेला दाणा गोठे, सुरकुते, आणि कोठारवाला त्याला हात लावत नसे. वर्षभराची मेहनत एका रात्रीत. आपल्याकडच्या गारपिटीशी याची तुलना करता येईल. फरक इतकाच की ही गारपीट येणार हे दरवर्षी ठरलेलंच.

व्हीलरनं सुरुवातीची वर्षं मिळेल ते काम करून काढली, रेल्वेतसुद्धा. मग स्वतःची जमीन धरली, आणि १८९०च्या दशकाच्या शेवटी रॉस्थर्नजवळ स्थिरावला. रेल्वेची शाखा तिकडे १८९० मध्ये पोचली होती आणि पाठोपाठ मेनोनाइट पंथाची कुटुंबं येऊन वसत होती. शांत, कष्टाळू, युद्धाला धर्माज्ञेनं नकार देणारी, पिढ्यान्‌पिढ्या गहू पिकवत आलेली माणसं. त्यांच्या शेजारी हा समुद्राकाठचा बुटका इंग्रज, ज्याच्या सात पिढ्यांत कुणी नांगर धरलेला नसावा. शेतीचं नाव ठेवलं मेपल ग्रोव्ह.

शेतकऱ्याच्या घरात जन्मला नाही म्हणून असेल, पण जे शेजाऱ्यांना सवयीचं झालं होतं ते त्याला दिसे. उभ्या पिकात सगळे गहू सारखे नसतात, हे कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. कापणीच्या घाईत त्याकडे कुणी बघत नाही, एवढंच. व्हीलर बघायचा. कापणीच्या आधी शेतात शिरून तो एकेक ओंबी निवडी. दांडा ताठ हवा, दाणे बुडापासून टोकापर्यंत भरलेले हवेत, बाकीच्यांच्या आधी रंग धरलेली हवी. या ओंब्या वेगळ्या बांधून ठेवायच्या, हातानं चोळायच्या, बारीक आणि डागाळलेले दाणे काढून टाकायचे. वसंतात ते दाणे वेगळ्या वाफ्यात ओळीनं टोकायचे, प्रत्येक ओंबीची ओळ निराळी. त्या ओळींतून पुन्हा निवड. वाफ्यातलं बी मोठ्या तुकड्यात, मोठ्या तुकड्यातलं शेतात. दरवर्षी हेच, पहिल्यापासून.

आपल्याकडच्या जुन्या बायका बियाण्यासाठी कणसं निवडून आढ्याला टांगत, ते याहून निराळं नव्हतं. व्हीलरचं वेगळेपण सातत्यात आणि टिपणवहीत. कुठली ओळ कधी उगवली, कधी पिकली, कशी लवंडली हे तो लिहून ठेवायचा. १९०४ साली कॅनडात बियाणं पिकवणाऱ्यांची संघटना निघाली आणि तिनं नेमकी हीच पद्धत घालून दिली, तेव्हा व्हीलरसारख्याला ती जणू आपल्यासाठीच काढली आहे असं वाटलं असणार.

इथे पुन्हा सॉन्डर्सकडे वळायला हवं. चार्ल्स हा मुळात रसायनशास्त्रज्ञ, आणि मनानं संगीताचा. बासरी वाजवायचा, गाण्याच्या शिकवण्या घ्यायचा. वडील विल्यम हे सरकारी प्रयोगशेतींचे प्रमुख. त्यांनी १९०३ साली मुलाला धान्य-संशोधनाच्या जागेवर जवळजवळ ढकललंच. वडिलांच्या कारकिर्दीत चार्ल्सचा भाऊ पर्सी यानं १८९२ मध्ये काही संकर करून ठेवले होते. त्यांतल्या एकाचा बाप रेड फाइफ, आणि आई ‘हार्ड रेड कलकत्ता’.

हे नाव वाचून मराठी वाचक थबकेल, मीही थबकलो होतो. कलकत्त्याच्या आसपास भात पिकतो, गहू नव्हे. पण सुएझ कालवा झाल्यावर हिंदुस्थानचा गहू आगबोटींनी विलायतेला जाऊ लागला. मुंबई, कराची आणि कलकत्ता ही त्याची बंदरं. ज्या बंदरातून पोतं चढलं त्याचं नाव गव्हाला मिळे. म्हणजे ‘कलकत्ता’ हा वाण नव्हेच, तो व्यापारातला शिक्का होता आणि पोत्यात सरमिसळ असायची. १८७६ ते ७८च्या दुष्काळात दख्खनमध्ये माणसं मरत असतानाही अशी पोती बाहेर जातच होती. त्या गव्हाचा पाव काही फार चांगला होत नसे, दांडा आखूड, उतारा कमी. पण लवकर पिके. प्रेअरीला तेवढंच हवं होतं.

त्या संकराची पिलावळ दहा वर्षं तशीच पडून होती. चार्ल्सनं ती पुन्हा हातात घेतली, एकेका ओंबीपासून वेगळी वाढवली, दाणे चघळले, आणि एका ओळीवर बोट ठेवलं. तिचं नाव मार्क्विस. हिवाळ्यात त्या मूठभर पिठाचे इवले पाव भाजून बघितले, जिभेचा कौल बरोबर निघाला. १९०७ मध्ये थोडं बी सस्कॅचेवानमधल्या इंडियन हेड इथल्या प्रयोगशेतावर पाठवलं. त्या वर्षी थंडी लवकर उतरली, रेड फाइफ गोठला आणि मार्क्विस त्याआधीच पिकून तयार होता. सात ते दहा दिवसांचा फरक. बस, एवढ्या दिवसांवर लाखो एकरांचं भवितव्य फिरलं. १९०९ पासून शेतकऱ्यांना नमुन्याच्या पिशव्या मिळू लागल्या.

व्हीलरच्या हाती मार्क्विस आला तो असा. त्यानं तो आपल्या पद्धतीनं निवडून वाढवला. १९११ साली न्यूयॉर्कमध्ये शेतमालाचं मोठं प्रदर्शन भरलं, आणि कॅनेडियन पॅसिफिकचे अध्यक्ष सर टॉमस शॉनेसी यांनी उत्तर अमेरिकेतल्या सर्वोत्तम कठीण वसंती गव्हाला बक्षीस लावलं: १००० डॉलर, सोन्याच्या नाण्यांत. कॅनडाची जमीन विकायची तर कॅनडाचा गहू जिंकायला हवा, हा हिशेब उघड होता. गहू जिंकला. रॉस्थर्नच्या सीगर व्हीलरचा मार्क्विस पहिला आला, आणि ज्या माणसाचं नाव जिल्ह्याबाहेर कुणी ऐकलं नव्हतं तो एका दिवसात वर्तमानपत्रांत पोचला. गव्हाचा राजा हे बिरूद त्याला तेव्हापासून चिकटलं. सांगतात असं की, रेल्वेकडून घेतलेल्या जमिनीचे हप्ते अजून थकले होते, त्यामुळे रेल्वेच्या अध्यक्षांनी दिलेलं सोनं व्हीलरनं रेल्वेलाच परत भरलं. शॉनेसींचा इतका फायद्याचा दानधर्म दुसरा झाला नसेल.

पुढची बक्षिसं भराभर सांगून टाकतो. १९१४ मध्ये विचिटा, १९१५ डेन्व्हर, १९१६ एल पासो, १९१८ कॅन्सस सिटी. न्यूयॉर्क धरून पाच वेळा जगज्जेता. ओट, बार्ली, बटाटे यांचीही बक्षिसं होती. एकदा जिंकणाऱ्याला नशीबवान म्हणता येतं. पाच वेळा जिंकल्यावर लोक त्याच्या शेतावर येऊन बघू लागले.

आलेल्यांना काय दिसायचं? राजवाडा नव्हे. वाफे, दोऱ्या लावलेल्या ओळी, लेबलं. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. ‘बॉब्स’ नावाचा एक ऑस्ट्रेलियन गहू त्यानं पेरून बघितला होता, पांढऱ्या दाण्याचा. त्या वाफ्यात एका ओंबीचा दाणा त्याला तांबडा दिसला. दुसरा कुणी ती भेसळ म्हणून उपटून टाकता. व्हीलरनं ती बाजूला काढली, वाढवली, आणि तिचा ‘रेड बॉब्स’ हा वाण झाला, जो पुढे प्रेअरीच्या उत्तर भागात बरीच वर्षं पेरला गेला. ‘किचनर’ हा त्याचा आणखी एक वाण, आणि मार्क्विसमधूनच निवडलेली ‘टेन बी’ ही जातही त्याचीच. यांतल्या एकाही निवडीला सूक्ष्मदर्शक लागला नव्हता.

१९१९ साली विनिपेगच्या ‘ग्रेन ग्रोअर्स गाइड’नं त्याचं ‘प्रॉफिटेबल ग्रेन ग्रोइंग’ हे पुस्तक काढलं. शाळा लवकर सुटलेल्या या माणसाला १९२० मध्ये क्वीन्स विद्यापीठानं सन्माननीय डॉक्टरेट दिली. तोवर प्रेअरीवरच्या दर दहा एकर गव्हात साधारण नऊ एकर मार्क्विस होता. महायुद्धात ब्रिटननं खाल्लेल्या पावात त्याचा वाटा मोठा होता.

इथे नुसतं कौतुक करून थांबणं मला प्रशस्त वाटत नाही. व्हीलर आपली पहिली जमीन फोडत होता त्याच दशकात, १८८९ ते १८९७, सरकारचं क्री आणि इतर राखीव वस्त्यांसाठी निराळं धोरण होतं. हेटर रीड हा अधिकारी त्यामागे होता. मूळ रहिवाशांनी यंत्रं वापरायची नाहीत, विळ्यानं कापावं, हातानं पेरावं, कुटुंबापुरता एवढासा तुकडा करावा. धान्य विकायला परवाना लागे. यांतल्या कित्येकांनी चांगली शेती उभी केली होती, गोऱ्या शेजाऱ्यांच्या स्पर्धेत उतरले होते. म्हणूनच त्यांना मागे खेचलं गेलं. व्हीलरच्या ओंब्यांइतक्या निगुतीनं ओंब्या निवडणारा कुणी त्यांच्यात नसेल असं कोण म्हणेल? त्याला न्यूयॉर्कला पोतं पाठवण्याआधी परवान्यासाठी रांगेत उभं राहावं लागलं असतं. यात व्हीलरचा दोष नाही. पण त्याची गोष्ट त्याच्या एकट्याच्या कष्टांची म्हणून सांगितली जाते, ती तशी नव्हती.

दुसरी गोष्ट मार्क्विसची. सगळीकडे एकच गहू असला की रोगालाही सोपं जातं. १९१६ मध्ये खोडाचा तांबेरा दक्षिणेकडून वाऱ्यावर आला आणि पश्चिम कॅनडाचं सुमारे दहा कोटी बुशेल पीक गेलं. बुशेल म्हणजे साधारण सत्तावीस किलो. गुणाकार वाचकांनी करावा. १९३५ मध्ये तांबेरा पुन्हा आला. त्याआधी भाव कोसळले होते, १९३२ मध्ये बुशेलला चाळीस सेंटही मिळेनात. आणि त्यावर अवर्षण. ओल धरून ठेवायला एक वर्ष जमीन पडीक ठेवून वरचेवर मोकळी करायची, हा उपाय त्या काळचे सगळे जाणते शेतकरी सांगत, व्हीलरही सांगायचा. बेताच्या पावसात तो लागू पडला. कोरड्या वर्षांत त्याच मोकळ्या, उघड्या जमिनीची माती वाऱ्यानं उचलली आणि दुपारी दिवे लावायची वेळ आली. चांगला सल्ला किती वर्षं चांगला राहील, ते हवामान ठरवतं.

मार्क्विसची जागा मग थॅचर नावाच्या गव्हानं घेतली. पण थॅचरच्या वंशावळीत मार्क्विस आहे, एकदा नव्हे, दोनदा. म्हणजे कलकत्त्याच्या पोत्यातला तो दाणा आडनाव बदलून त्याच शेतांत राहिला. तो गहू उत्तर हिंदुस्थानातल्या कुठल्या रानात, कुणाच्या खळ्यावर उफणला गेला, हे पोत्यावर लिहायची पद्धत नव्हती.

व्हीलरचं लक्ष उतारवयात झाडांकडे लागलं. या कडाक्यात फळझाड जगत नाही, हे प्रेअरीत गृहीतच धरलेलं होतं. हिवाळ्यात पारा उणे चाळीसवर जातो तिथे सफरचंद कुठलं? त्यानं वाऱ्याच्या अंगाला झाडांची दाट भिंत उभी केली आणि तिच्या आडोशाला रोपं लावली. मरतील ती मरू द्यायची, जगतील त्यांचं बी धरायचं, ओंब्यांचाच कायदा. ‘रॉस्थर्न १८’ हे छोटं आंबटसर सफरचंद आणि ‘अ‍ॅडव्हान्स’ नावाचा आलुबुखार त्यातून निघाला. ज्यांच्या अंगणात कधी झाड नव्हतं त्या बायकांनी या फळांचे मुरंबे घातले. गव्हाच्या बक्षिसांपेक्षा मला हे काम मोठं वाटतं. इथे समोर कुणी सोन्याची नाणी ठेवलेली नव्हती.

१९४३ मध्ये इंग्लंडच्या राजानं त्याला एम.बी.ई. ही पदवी दिली. पुढे शेती सोडून तो पॅसिफिकच्या काठी, व्हँकुव्हर बेटावरच्या व्हिक्टोरियात राहायला गेला. अनेक दशकं किनाऱ्यापासून दूर राहिलेल्या माणसाला शेवटी समुद्र हवासा वाटला असेल, तर त्यात नवल नाही. तिथेच १५ डिसेंबर १९६१ रोजी तो वारला. वय त्र्याण्णव. मेपल ग्रोव्ह आज राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे, आणि सस्कॅचेवानच्या उत्तरेकडच्या जंगलात, जिथे गहू पिकत नाही, एका तळ्याला सीगर व्हीलरचं नाव आहे.